‘सॅड’ हा शब्द लहान मुलांचा नाही

पत्राचा सारांश: सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. घरात तेलुगू, दहावीपर्यंतची शाळा मराठी माध्यमाची, पुढे अभियांत्रिकी. आता त्या पुण्यातील एका कंपनीचे काम घरूनच करतात आणि त्यांचे टीम लीड इंग्लंडमध्ये असतात. दिवाळीनंतर त्यांची आजी वारली. घरात सगळे तिला अव्वा म्हणत. आईवडील दिवसभर कामावर असताना विड्या वळता वळता याच आजीने त्यांना वाढवले. त्या दिवशी त्यांनी लीडला ‘आय ॲम अपसेट, नीड टू डेज लीव्ह’ एवढाच संदेश पाठवला. त्याच आठवड्यात कामाच्या रिव्ह्यूत त्यांना बरेच ऐकावे लागले होते, त्यामुळे त्या त्यावरूनच नाराज आहेत असा लीडचा समज झाला. पुढे एका बैठकीत त्या ‘आय ॲम डिप्रेस्ड धीज डेज’ असे म्हणाल्या, तर एचआरकडून समुपदेशनाचा फॉर्म आला आणि त्यांच्याकडचे काही काम दुसऱ्याकडे गेले. नंतर एका इंग्रज सहकाऱ्याचे वडील वारले, तेव्हा त्यांनी ‘आय ॲम मेलन्कली टू हिअर द न्यूज’ असे लिहिले आणि असे कोणी लिहीत नाही, हे त्यांना दुसऱ्याच कोणीतरी बाजूला घेऊन सांगितले. ‘सॅड’ हा शब्द त्यांना पहिलीच्या पुस्तकातला वाटतो. दुःखाच्या चाळीस इंग्रजी शब्दांची यादी त्यांनी मोबाईलवर उतरवून घेतली आहे. खऱ्या, खोल दुःखासाठी यांतला कोणता शब्द योग्य, की इंग्रजीत दुःखाबद्दल बोलूच नये, असे त्या विचारतात. शेवटी जाताजाता त्यांनी लिहिले आहे की रात्री दोन-तीनपर्यंत झोप लागत नाही आणि यंदा सोलापुरात संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेलाही जावेसे वाटले नाही.

उत्तर:

तुमच्या आजीच्या जाण्याबद्दल आधी मनापासून सहवेदना. आपले पत्र केवळ शब्दांविषयी आहे असे तुम्ही पहिल्याच ओळीत बजावले असले, तरी त्यातील सर्वांत बोलकी ओळ शब्दांविषयीची नाही. मांडीवर सूप घेऊन आजी कात्रीने विडीची पाने कापत असे, तुमच्याकडून पाढे म्हणून घेत असे आणि तुमचा पाढा चुकला की तिची कात्री थांबत असे, ही ती ओळ. त्या वाक्यात दुःखाचा एकही शब्द नाही आणि तरीही तुमचे काय गेले आहे हे ते वाचताना कळते. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, दुःख जितके खोल तितका त्याचा शब्द भारदस्त असला पाहिजे, असे तुम्ही गृहीत धरले आहे आणि तुमच्या अडचणीचे मूळ माझ्या मते तेथे आहे.

तिन्ही प्रसंगांत आपला शब्दसंग्रह तोकडा पडला असे तुम्ही म्हणता. मला तसे वाटत नाही. पहिल्या प्रसंगात कारण सांगायचे राहून गेले, दुसऱ्यात शब्द कदाचित चुकलेलाच नव्हता, आणि शब्दाची चूक म्हणावी अशी चूक काय ती तिसऱ्यात झाली. तीही शब्द कमी माहीत असल्यामुळे नव्हे, तर जास्त शोधल्यामुळे.

‘अपसेट’चा मनाला लागण्याआधीचा अर्थ उलटणे, कलंडणे. पोट बिघडले की आपणही ‘पोट अपसेट आहे’ म्हणतो, तो वापर या अर्थाच्या जवळचा आहे. हा शब्द मनाला लावला की त्यात दुःखाबरोबर राग, काळजी आणि अस्वस्थता यांचीही सरमिसळ होते. नुकतेच काहीतरी घडले आहे, कोणीतरी काहीतरी बोलले किंवा वागले आहे, आणि ते मिटले की मन ठिकाणावर येईल, असा त्याचा ध्वनी असतो. म्हणून ‘अपसेट’ ऐकताच समोरचा माणूस कारण शोधू लागतो. तुमच्या लीडला त्या आठवड्यातील एकच कारण माहीत होते आणि त्याने तेच धरले. यात त्याला फारसा दोष देता येणार नाही. ‘माय ग्रँडमदर डाइड धिस मॉर्निंग. आय नीड टू डेज ऑफ.’ एवढी दोन वाक्ये पुरेशी होती. त्यांत भावनेचा एकही शब्द नाही, कारण मृत्यूची बातमी सांगितली की दुःख वेगळे सांगावे लागत नाही.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. आपल्याकडे सर्रास ‘एक्स्पायर्ड’ म्हणतात आणि भारतीय कार्यालयात ते कोणाला खटकतही नाही. पण इंग्लंड-अमेरिकेत हा शब्द आज मुख्यतः पासपोर्टची मुदत आणि दुधावरची तारीख यांच्याशी जोडलेला आहे. ‘डाइड’ म्हणणे तिकडे उद्धटपणाचे मानत नाहीत. सौम्य शब्द हवा असेल तर ‘पास्ड अवे’ आहेच. ‘सॅड डिमाइज’ मात्र निधनवार्तांच्या चौकटींसाठी राहू द्यावे.

आपली खरी ओढाताण होते ती ‘वाईट वाटले’ या अतिशय उपयोगी मराठी क्रियापदामुळे. शेजारी वारले तरी आपल्याला वाईट वाटते, कोणी टोमणा मारला तरी वाईट वाटते, भावाला नोकरी मिळता मिळता राहिली तरी वाईट वाटते, आणि आजारी मावशीला भेटायला जायचे राहून गेले तरी वाईटच वाटते. कोणत्या अर्थाने, ते प्रसंगावरून ऐकणाऱ्याला कळते. त्याचे जसेच्या तसे ‘आय फेल्ट बॅड’ केले की घोटाळा होतो, कारण या इंग्रजी शब्दांत बऱ्याचदा अपराधीपणाची छटा असते, म्हणजे माझ्या हातून काहीतरी चुकले किंवा राहिले, अशी. मावशीच्या बाबतीत ते अगदी बरोबर बसते. टोमण्याच्या बाबतीत मात्र चूक बोलणाऱ्याची की तुमची, हेच ऐकणाऱ्याला कळेनासे होते. तेथे ‘आय फेल्ट हर्ट’ हवे. भावाच्या नोकरीबद्दल ‘डिसअपॉइंटेड’, कारण अपेक्षा होती आणि ती फोल ठरली. शेजाऱ्यांबद्दल साधे ‘सॅड’. ‘आय फील बॅड फॉर हिम’ म्हटले तर ते आणखी निराळे: त्याची दया येते, कणव येते.

‘डिसअपॉइंटेड’ जपून वापरावा. निकालाबद्दल किंवा निर्णयाबद्दल तो निरुपद्रवी आहे, पण ‘आय ॲम डिसअपॉइंटेड इन यू’ हे वाक्य वडीलधाऱ्या माणसाने समोरच्याची मान खाली जावी म्हणून उच्चारायचे असते. बरोबरीच्या सहकाऱ्याला ते कधीही लिहू नये. ‘अनहॅपी’चेही तसेच आहे. ‘द क्लायंट इज अनहॅपी’ याचा अर्थ क्लायंट शोकात आहे असा नसून तो तक्रार करणार आहे असा असतो. कार्यालयाच्या भाषेत या शब्दातील दुःख केव्हाच वजा झाले आहे.

आता तुमच्या आजीशी ज्यांचा खरोखर संबंध आहे अशा शब्दांकडे येऊ. चाळीसच्या यादीत असे मला चारच दिसतात. ‘ग्रीफ’ म्हणजे जवळचे कोणी कायमचे गेल्यावर येणारे दुःख. ज्या लॅटिन शब्दाचा अर्थ जड असा आहे आणि ज्याच्यापासून ‘ग्रॅव्हिटी’ आला, त्याच्याच कुळातला हा शब्द आहे. हे दुःख एका दमात संपत नाही, ओसरते आणि पुन्हा येते. म्हणूनच इंग्रजीत ‘आय ॲम स्टिल ग्रीव्हिंग’ असे चालू काळात म्हणतात. या वाक्यात कोणाकडे बोट दाखवलेले नाही, आजाराचा उल्लेख नाही, आणि काही महिने उलटल्यावरही ते म्हणता येते. त्या बैठकीत तुम्हाला जे सांगायचे होते ते बहुधा हेच असावे. ‘सॉरो’ हा शांत, मुरलेला आणि आज बराचसा पुस्तकी झालेला शब्द आहे. तो सांत्वनपत्रात शोभतो, पण कोणी बोलताना ‘आय ॲम इन सॉरो’ म्हटले तर नाटकात बोलल्यासारखे वाटते. तिसरा शब्द ‘मॉर्निंग’; त्याचा उच्चार सकाळच्या ‘मॉर्निंग’सारखाच असल्यामुळे तो बोलण्यापेक्षा लिहिण्यातच सोयीचा. त्याचा भर दुःख पाळण्यावर असतो. आपण सुतक धरतो, वर्षभर सण करत नाही, लग्नकार्यात मिरवत नाही, ते सारे ‘मॉर्निंग’. तुमच्या घरी यंदा संक्रांत झाली नसेल, तर त्याचे कारण कोणालाही ‘वुई आर इन मॉर्निंग धिस इयर’ एवढ्याने समजावता येईल.

चौथा शब्द ‘बिरीव्हमेंट’ कोरडा आहे, कागदावरचा आहे आणि म्हणूनच कामाचा आहे. कंपन्यांच्या नियमावलीत ‘बिरीव्हमेंट लीव्ह’ या नावाखाली किंवा ब्रिटिश वळणाच्या कंपन्यांत ‘कम्पॅशनेट लीव्ह’ या नावाखाली निधनप्रसंगीची रजा नमूद केलेली असते. तुमच्या कंपनीत ती आहे का, ते पाहा. कित्येक ठिकाणी आजी-आजोबांना ‘इमिजिएट फॅमिली’त धरत नाहीत. अशा वेळी अर्जात ‘शी रेझ्ड मी’ ही तीन शब्दांची ओळ घाला. ‘डीप’, ‘प्रोफाउंड’, ‘इन्कन्सोलेबल’ या सगळ्यांना जे जमणार नाही ते ती करील, कारण तिच्यात माहिती आहे.

अर्थात यांपैकी कोणताही शब्द न वापरताही तुमचे काम होऊ शकते. अव्वा गेल्यापासून करमत नाही, असे तुम्ही पत्रात दोनदा लिहिले आहे. त्यासाठी इंग्रजीत साधे ‘आय मिस हर’ आहे. त्यात विशेषण नाही, त्याला पुरवणी लागत नाही, आणि ते ऐकून कोणी फॉर्म पाठवत नाही. ‘इट हॅज बीन अ हार्ड फ्यू मंथ्स’ हेही तसेच; जवळ नसलेल्या पण चांगल्या वागणाऱ्या सहकाऱ्याला जेवढे सांगावेसे वाटते, तेवढेच ते सांगते.

‘मेलन्कली’बद्दल सांगायचे तर शब्द सुंदर आहे, पण चुकीच्या घरात गेला. ग्रीक वैद्यकात शरीरातील ज्या काळ्या पित्तामुळे माणूस उदास होतो अशी समजूत होती, त्या काळ्या पित्तावरून हा शब्द आला. रॉबर्ट बर्टन या इंग्रज लेखकाने १६२१ मध्ये त्याच एका विषयावर भलामोठा ग्रंथ लिहिला. आज त्याचा अर्थ आहे रेंगाळणारी, ठळक कारण नसलेली, थोडीशी हवीहवीशीही वाटणारी उदासी: पावसाळी संध्याकाळची, जुन्या गाण्याची, रिकाम्या झालेल्या वाड्याची. सहकाऱ्याच्या वडिलांच्या निधनाला मात्र कारण आहे, तारीख आहे आणि त्यात हवेहवेसे काही नाही.

त्या ठिकाणी तुम्हाला हवा असलेला शब्द तुम्हाला आधीपासून ठाऊक होता. तो तुम्ही टाळलात, कारण आपल्याकडे त्याला फक्त माफीचाच अर्थ उरला आहे. पाय लागला की ‘सॉरी’, उशीर झाला की ‘सॉरी’. त्यामुळे कोणाच्या घरी मृत्यू झाला असताना ‘सॉरी’ म्हणणे आपल्याला उथळ, काहीसे हास्यास्पदही वाटते. मी काय केले म्हणून माफी मागू? पण इंग्रजीत मृत्यूच्या प्रसंगी सर्वांत सहज उमटणारा शब्द हाच आहे. वरवर पाहता तो ‘सॉरो’चा भाऊ वाटतो, परंतु त्याचे मूळ ‘सोअर’शी, म्हणजे दुखऱ्या जागेशी जुळते. ‘आय ॲम सो सॉरी टू हिअर अबाउट युअर फादर’ एवढे लिहावे. ‘आय वॉज सो सॅड टू हिअर’ हेही चालते आणि ते मोठी माणसेच लिहितात. औपचारिक पत्रात ‘माय कन्डोलन्सेस’ येते, तेही अनेकवचनात. नुसती तीन अक्षरे, ‘आरआयपी’, पाठवणे मला व्यक्तिशः रूक्ष वाटते. एवढ्या घाईत असलेल्या माणसाने तेही नंतर पाठवावे. आणि तुम्हाला त्या सहकाऱ्याच्या वडिलांबद्दल काही ठाऊक असेल, तो कधी त्यांच्याबद्दल बोलला असेल, तर त्याचा उल्लेख असलेले एक वाक्य जोडावे.

मागच्या आठवड्यातही तसे करता आले असते असे वाटून खंत करू नका. आजही त्याला ‘आय हॅव बीन थिंकिंग ऑफ यू अँड युअर फॅमिली’ असे लिहिता येईल. शोकात असलेल्या माणसाला उशिरा आलेला संदेश बोचत नाही. पहिल्या आठवड्याची गर्दी ओसरल्यावर आलेला तर जास्तच बरा वाटतो.

आता ‘डिप्रेस्ड’. हा शब्द मी मुद्दाम मागे ठेवला होता. आपल्याकडे सामना हरला तरी ‘डिप्रेशन आले’ म्हणतात, त्यामुळे तो सहज तोंडून गेला हे तुमचे म्हणणे पटण्यासारखे आहे. बोलीभाषेत तिकडेही तो सैलपणे वापरला जातो, पण कार्यालयात तो आजाराचे नाव म्हणूनच ऐकला जातो आणि ऐकला जावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्णनानुसार, किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणे किंवा नेहमीच्या आवडीच्या गोष्टींतही रस न वाटणे, आणि त्यासोबत झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांत बिघाड होणे, स्वतःला कवडीमोल समजणे, मरणाचे विचार येणे, अशी त्याची लक्षणे आहेत. तुमच्या एचआरने तो शब्द मनावर घेतला. तुम्ही त्याची लाज बाळगता. मला मात्र ती कंपनी त्या दिवशी नीट वागली असे वाटते. न विचारता काम काढून घ्यायला नको होते, एवढे खरे, आणि ते तुम्ही शांतपणे सांगू शकता.

पण मला उलट तुम्हालाच एक विचारायचे आहे. तो शब्द नक्की चुकला होता का? रात्री दोन-तीनपर्यंत झोप न लागणे आणि लहानपणापासून कधी न चुकवलेल्या गड्ड्यावर जावेसे न वाटणे, या दोन गोष्टी तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जणू त्यांचा प्रश्नाशी संबंध नसावा अशा रीतीने लिहिल्या आहेत. शोकात झोप उडते आणि सणावरून मन उडते, हे स्वाभाविक आहे. शोक हा आजार नव्हे. त्यात आठवण आली की भरून येते, आणि मधल्या वेळात माणूस हसतो, जेवतो, भांडतोही. मात्र रितेपणा आजीच्या आठवणीपुरता न राहता सगळ्यावर पसरला असेल, तर ती गोष्ट वेगळी. लांबलेल्या शोकाचाही आता वैद्यकाने स्वतंत्र विचार केला आहे. २०२२ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘प्रोलॉन्ग्ड ग्रीफ डिसऑर्डर’ अशी नोंद आहे आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांचा काळ धरला आहे. तुम्ही अजून त्या टप्प्यावर नाही. तरीही ‘ग्रीव्हिंग’ की ‘डिप्रेस्ड’ हा निर्णय मी पत्रावरून करू नये आणि तुम्हीही शब्दकोशावरून करू नये. तो फॉर्म अजून असेल तर भरा, किंवा घरच्या डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते, मराठीतही. मरणाचे विचार येत असतील तर हा फोन आजच करावा, उद्यावर टाकू नये. हे तुमच्यासारख्या अन्य वाचकांसाठीही लिहीत आहे, कारण ‘सहज म्हटले’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने सहजच म्हटलेले असते असे नाही.

राहिली चाळीस शब्दांची यादी. ती पुसून टाका असे मी म्हणणार नाही. ‘फॉर्लोर्न’, ‘डिस्पॉन्डंट’, ‘वोबिगॉन’ हे शब्द वाचनात भेटतील तेव्हा ओळखीचे वाटतील, एवढा तिचा उपयोग आहे. बोलण्यासाठी मात्र ते घेऊ नका. ज्या ‘सॅड’ला तुम्ही कमी लेखता, तो इंग्रजीतील अतिशय जुना शब्द आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पोट भरलेला’ असा होता; मग पुरे झालेला, जड, गंभीर अशी वळणे घेत तो आजच्या अर्थाला आला. लहान मुलांना तो आधी शिकवतात, कारण त्यांना तो आयुष्यभर लागणार असतो.

इंग्रजीत दुःखाबद्दल बोलूच नये का, या प्रश्नात मला थोडी आत्मनिंदा दिसते आणि ती सोलापूरच्या माणसाने करावी याचे नवल वाटते. आजीच्या दहाव्याला आलेल्या नातेवाइकांशी तुम्ही तेलुगूत बोललात, शेजाऱ्यांशी मराठीत आणि मंडपवाल्याशी कदाचित दखनीत. कोणाला किती सांगायचे हे प्रत्येक ठिकाणी तुम्ही न शिकवता ठरवलेत. इंग्रजी ही त्या रांगेतली चौथी. लीडला कारण आणि रजेचे दिवस सांगावेत, त्याहून अधिक सांगणे तुमच्यावर बंधनकारक नाही. एखाद्या सहकारी मैत्रिणीला ‘आय मिस हर’ म्हणावे. सूप, कात्री आणि पाढे ज्यांना समजावून सांगावे लागणार नाहीत, त्यांच्यापाशी उरलेले सगळे. ते सगळे इंग्रजीत आलेच पाहिजे, असा हट्ट मात्र सोडून द्यावा.

लीडशी झालेला गैरसमज अजून तसाच राहिला असेल, तर या आठवड्यात त्याला एवढेच लिहा: ‘व्हेन आय सेड आय वॉज अपसेट, इट वॉज नॉट अबाउट द रिव्ह्यू. माय ग्रँडमदर हॅड डाइड दॅट डे. शी रेझ्ड मी.’ स्पष्टीकरण नको, क्षमायाचना नको. पुढे वर्षश्राद्ध येईल. त्याची तिथी इंग्रजी तारखेशी जुळणार नाही, तेव्हा घरच्यांना विचारून दिवस आधी नक्की करा आणि अर्ज पंधरा दिवस अगोदर टाका. कारणाच्या जागी ‘सेरेमनी ॲट होम, वन इयर सिन्स माय ग्रँडमदर डाइड’ असे लिहिले की पुरे.